‘देवाची इच्छा होती’ असं म्हटल्यावर फिर्याद मागे घ्यायची का?

रानजाई

नमस्कार. थोडं लांबलचक होईल, पण मनापासून लिहिते आहे.

गेल्या हंगामात माझा धाकटा भाऊ गेला. ३४ वर्षांचा होता. रात्री साडेनऊच्या सुमारास मोटरसायकलवरून घरी येत होता. गावाच्या अलीकडच्या वळणावर उसाने भरलेली ट्रॉली रस्त्यातच उभी होती. टायर फुटलं म्हणून ड्रायव्हर ट्रॉली तिथेच सोडून ट्रॅक्टर घेऊन गेला होता. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. दोन दगड ठेवलेले नाहीत की झाडाची एखादी फांदी लावलेली नाही. गळीत सुरू झालं की आमच्याकडे हे रोजचंच. पंचनाम्यात लिहिलंय की ट्रॉलीच्या मागच्या फळीवर रिफ्लेक्टरच्या जागी खिळ्यांची चार भोकं होती. ते वाक्य मी इतक्यांदा वाचलंय की आता तोंडपाठ झालंय.

आम्ही नगर जिल्ह्यातले ख्रिस्ती, आमची ही चौथी पिढी. तिसऱ्या दिवशी घरी प्रार्थना झाली. मंडळीतले, म्हणजे आमच्या चर्चमधले, एक वयस्कर गृहस्थ उठले. त्यांनी बायबलमधल्या मत्तयाच्या दहाव्या अध्यायातलं चिमण्यांचं वचन वाचलं आणि म्हणाले, पित्याच्या इच्छेवाचून चिमणीसुद्धा भुईवर पडत नाही, ही देवाची योजना होती, आपण ती स्वीकारू या. सगळे आमेन म्हणाले. मीही म्हणाले.

महिन्याभराने ट्रॉलीमालकाकडची माणसं तडजोडीसाठी आली. त्यांच्या पाठोपाठ आमच्याच मंडळीतल्या दोघातिघांनी वहिनीला समजावलं की मिटवून टाक, देवानेच ठरवलेलं होतं, कोर्टकचेरी कशाला? वहिनी भाकरी थापत होती. हात न थांबवता ती म्हणाली, “देवाने ठरवलं होतं, तर ट्रॉली देवाने लावली का? मग मी फिर्याद कुणावर करू?”

कुणालाच उत्तर देता आलं नाही. मलाही नाही. तेव्हापासून मी शास्त्र उघडून बसले आहे. एकीकडे इफिसकरांसच्या पत्रात पौल सांगतो की जगाच्या स्थापनेपूर्वीच देवाने आपल्याला निवडलं. दुसरीकडे यहोशवा लोकांना सांगतो, तुम्ही कोणाची सेवा करणार ते आजच निवडा. येशू यरुशलेमेकडे पाहून म्हणतो की कोंबडी पिलांना पंखांखाली घेते तसं तुम्हाला घ्यायची माझी किती इच्छा होती, पण तुमची इच्छा नव्हती. म्हणजे देवाची इच्छा आहे आणि माणूस नाही म्हणतो आहे, हे खुद्द येशूच्या तोंडचं.

शेवटी उत्पत्तीच्या पुस्तकातल्या योसेफापाशी येऊन थांबले. भावांनी त्याला विकलं तेव्हा तो १७ वर्षांचा होता. बाप वारल्यावर भाऊ घाबरून त्याच्या पाया पडतात, तेव्हा तो त्यांना म्हणतो की तुम्ही माझं वाईट योजलंत, पण देवाने ते चांगल्यासाठी योजलं. शास्त्रातली वयं जुळवली तर तेव्हा तो ५६ वर्षांचा असावा. मधे ३९ वर्षं गेली! त्याआधी, मिसरात भावांना त्याची ओळख पटली तेव्हाही, त्याने देवाचा हात सांगितला होता, पण तेही २२ वर्षांनी. आणि हे वाक्य स्वतः योसेफ बोलतो. तो कोरड्या विहिरीत पडलेला असताना वरून कुणी डोकावून त्याला “ही देवाची योजना आहे बरं का” असं म्हणालेलं नाही. मूळ हिब्रूत दोन्ही जागी ‘योजणे’ हे एकच क्रियापद आहे. देवाची योजना सांगताना त्याने भावांची योजना पुसून टाकली नाही.

तुमच्या मंडळीत, घरात हे कसं शिकवतात? ख्रिस्ती नसलेल्यांनीही जरूर लिहा.

---

सह्यकडा

वाचून काही वेळ नुसता बसून राहिलो. तुमच्या वहिनींना नमस्कार सांगा.

मी ख्रिस्ती नाही. पण आमच्या घरीही हेच झालेलं आहे. काका शेतात विजेच्या तारेने गेले. तार चार महिने लोंबत होती. आजी म्हणाली, सटवाईने कपाळावर लिहिलं ते कुणाला चुकलंय? ती आई होती, तिला काहीतरी धरायला हवं होतं, तिला मी दोष देत नाही. पण तेच वाक्य पुढे गावाने उचललं, आणि तार कुणी दुरुस्त करायची होती हे विचारायचं राहूनच गेलं.

माझा प्रश्न सरळ आहे. तुमची ‘देवाची योजना’ आणि आमचं ‘प्रारब्ध’ यांत फरक काय?

---

रानजाई

सह्यकडा, मला समजतं ते असं. प्रारब्धात आपल्याच मागच्या कर्माचं देणं असतं, म्हणजे हिशेब असतो. येशूने हा हिशेब स्पष्ट शब्दांत नाकारलाय. शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसं मेली, त्याबद्दल लूकाच्या तेराव्या अध्यायात तो विचारतो, ती माणसं यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा जास्त अपराधी होती असं वाटतं का तुम्हाला? आणि स्वतःच नाही म्हणतो. बुरूज का पडला हे मात्र तो सांगत नाही. ऐकणाऱ्यांना तो पश्चात्ताप करा म्हणतो, म्हणजे जिवंत आहेत त्यांनी आपल्याकडे बघावं.

दुसरं म्हणजे, लिहिलेल्या कपाळाशी भांडता येत नाही, देवाशी भांडता येतं. “हे परमेश्वरा, किती वेळ?” असं विचारणारी स्तोत्रं आम्ही उपासनेत म्हणतो.

---

पंचगंगाकाठ

ताई, प्रथम सांत्वन. मी कोल्हापूरकडचा. आमची मंडळी प्रेस्बिटेरियन परंपरेतून आलेली, त्यामुळे देवाचं सार्वभौमत्व हे आमच्या घरात दुधाबरोबर पाजलेलं आहे. त्या परंपरेचा माणूस म्हणून सांगतो, वहिनींना फिर्याद मागे घ्यायला सांगणाऱ्यांनी आमची शिकवण अर्धीच ऐकली आहे.

पूर्वनियोजनाची, म्हणजे कोणाचं तारण होणार हे देवाने आधीच ठरवलंय या शिकवणीची, सर्वात करडी मांडणी म्हणून लोक डॉर्टच्या धर्मसभेकडे बोट दाखवतात. हॉलंडातल्या डॉर्डरेख्त गावात नोव्हेंबर १६१८ ते मे १६१९ अशी ती भरली होती. आर्मिनियस या डच धर्मपंडिताचे अनुयायी म्हणत होते की देव कृपा देऊ करतो, ती घ्यायची की नाकारायची हे माणसाच्या हातात आहे. आणि कोण विश्वास ठेवील हे आधीच जाणून देव निवड करतो. सभेने हे अमान्य केलं. निवड ही निव्वळ देवाच्या कृपेने होते, माणसात आधी काही पाहून नाही, असं ठरवलं. इथवर सगळ्यांना माहीत असतं.

पण त्याच ठरावांत असंही लिहिलंय की कृपा माणसाला ओंडक्या-दगडासारखं वागवत नाही, त्याची इच्छाशक्ती काढून घेत नाही, तिला बरं करते. आणि पहिल्याच प्रकरणाचं सतरावं कलम वाचा. ज्या विश्वासू आईबापांची मुलं तान्हेपणी जातात त्यांनी आपल्या लेकरांच्या निवडीबद्दल आणि तारणाबद्दल शंका घेऊ नये, असं ते सांगतं. निवडीवर इतकं काटेकोर लिहिणारी माणसं मधेच थांबून लहान शवपेटीपाशी उभ्या असलेल्या आईबापाशी बोलतात. मी हे कलम पहिल्यांदा वाचलं ते आमची पहिली मुलगी गेल्यावर. त्याआधी मी या विषयावर फार मोठमोठ्याने बोलायचो.

१६४६चा वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकार, म्हणजे आमच्या परंपरेच्या शिकवणीचा लिखित मसुदा, तोही हेच करतो. देवाने सर्व काही ठरवलंय असं म्हणतो, आणि त्याच वाक्यात पुढे म्हणतो की तरी देव पापाचा कर्ता नाही आणि त्याने निर्मिलेल्या जीवांच्या इच्छेवर जबरदस्ती होत नाही. प्रकरणाच्या शेवटी ताकीद दिली आहे की हा विषय विशेष जपून हाताळावा. कबरीशेजारी उभं राहून तो सहज फेकणं हे जपून हाताळणं नव्हे.

फिर्यादीबद्दल विचाराल तर प्रेषितांची कृत्ये, दुसरा अध्याय, तेविसावं वचन. पेत्र म्हणतो, येशूला देवाच्या ठाम संकल्पानुसार धरून देण्यात आलं, आणि तुम्ही अधर्म्यांच्या हातून त्याला वधस्तंभावर खिळून मारलंत. एकाच दमात दोन्ही. देवाचा संकल्प होता म्हणून पेत्राने कुणाला सोडलं नाही. ट्रॉली माणसाने लावली. फिर्याद माणसावरच.

---

पाणथळ

मी गेली काही वर्षं हॉलंडात राहते आहे, म्हणून वर आलेल्या डॉर्टबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. ही सभा नुसती धर्मपंडितांची नव्हती. आर्मिनियनांच्या पाठीशी राजकारणात उभे होते ओल्डनबार्नेवेल्ट, देशातले वजनदार मुत्सद्दी. विरुद्ध बाजूला सेनापती प्रिन्स मॉरिस. सभा मे १६१९मध्ये आटोपली आणि त्याच महिन्यात, १३ तारखेला, हेगमध्ये ओल्डनबार्नेवेल्ट यांचा शिरच्छेद झाला. ७१ वर्षांचे होते. त्यांच्याच बाजूचे कायदेपंडित ग्रोशियस यांना लूवस्टाइनच्या किल्ल्यात जन्मठेप मिळाली. १६२१मध्ये ते पुस्तकांच्या पेटीत लपून निसटले, पेटी बायकोने पाठवली होती.

त्या किल्ल्यावर मी गेले आहे. इच्छास्वातंत्र्य आहे की नाही यावरच्या वादात एका माणसाला कोंडलं जातं आणि त्याची बायको ठरवते की मी याला बाहेर काढणार. मला तिथे उभं राहून सगळ्यात जास्त तीच आठवत राहिली. मारिया तिचं नाव. रानजाई, तुमच्या वहिनीबद्दल वाचताना पुन्हा आठवली.

---

पंचगंगाकाठ

पाणथळ, मान्य आहे. तो डाग आहे आणि आमच्याकडे तो शिकवताना वगळतात. वगळू नये.

---

सातमाळा

मी बीडचा, ऊसतोड करणाऱ्या घरातला. धर्माचं मला फार कळत नाही. ट्रॅक्टर ड्रायव्हरबद्दल बोलतो. हंगामात तो दोन-दोन रात्री झोपत नाही. उचल घेतलेली असते, खेपा मोजल्या जातात, कारखान्यावर नंबर लागेपर्यंत गव्हाणीपुढे गाडीतच पडून राहायचं. टायर फुटलं की मालक फोनवर सांगतो तसं करायचं. त्याने दगड ठेवायला हवे होते, यात शंका नाही. पण रिफ्लेक्टर लावायचं त्याच्या हातात नव्हतं. ‘माणसाला निवड असते’ असं म्हणता तेव्हा कुणाला किती असते तेही बघा. फिर्यादीत मालकाचं नाव आहे ना?

---

रानजाई

सातमाळा, आहे. वहिनीने पहिल्या दिवशीच सांगितलं होतं की ड्रायव्हरचं एकट्याचं नाव घालायचं असेल तर मी सही करत नाही. तुमचा मुद्दा फार मोठा आहे. त्यावरून मला ऑगस्टीन आठवला, हिप्पोचा, म्हणजे आजच्या अल्जीरियातला बिशप. पेलाजियस नावाच्या संन्याशाशी त्याचा वाद पाचव्या शतकाच्या सुरुवातीला झाला. पेलाजियस म्हणे, माणसाने ठरवलं तर तो चांगलं वागू शकतो, देवाने तेवढी ताकद दिलेलीच आहे. ऑगस्टीन म्हणे, माणूस निवडतो हे खरं, पण ती निवड आधीच वाकलेली असते, कृपेशिवाय सरळ होत नाही. ४१८मध्ये कार्थेजच्या सभेने पेलाजियसची शिकवण नाकारली. मला हे आजवर पुस्तकी वाटायचं. तुम्ही गव्हाणीपुढचा ट्रॅक्टर दाखवलात आणि वाकलेली इच्छा म्हणजे काय ते डोळ्यांपुढे आलं. एकट्या माणसाची नाही, अख्ख्या व्यवस्थेची.

---

वसईची लेक

आमच्या कॅथलिक घरातून थोडं.

हा वाद आमच्यातही पेटला होता. मोलिना नावाच्या जेझुइट धर्मगुरूने १५८८मध्ये मांडलं की कोणता माणूस कोणत्या परिस्थितीत आपखुशीने काय करील, हेही देवाला आधीच ठाऊक असतं. त्या ज्ञानाच्या आधारे तो जग चालवतो, माणसाला ढकलत नाही. डोमिनिकन धर्मगुरू बान्येझ आणि त्यांचे सोबती म्हणाले, असं म्हटलं तर देव माणसाच्या निर्णयाची वाट बघत बसला! रोममध्ये वर्षानुवर्षं सुनावण्या झाल्या. १६०७मध्ये पोप पाचवे पॉल यांनी कुणालाही न जिंकवता वाद थांबवला. दोघांनीही आपापलं मत मांडावं, दुसऱ्याला पाखंडी म्हणू नये. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो. (त्याच सुमारास गोव्यात सासष्टीला फादर थॉमस स्टीफन्स हे दुसरे जेझुइट मराठी ओव्यांत ख्रिस्ताची कथा रचत होते, ती १६१६मध्ये छापली गेली. रोममध्ये भांडण आणि इथे ओवी, हे मला नेहमी एकत्र आठवतं.)

पण मला खरं बोलायचंय ते गेथशेमाने बागेबद्दल, जिथे येशूने अटकेच्या रात्री प्रार्थना केली. “माझी नव्हे, तुझी इच्छा पूर्ण होवो.” हे वाक्य आपण फार पटकन म्हणतो. त्याच्या आधीचं विसरतो: हा प्याला माझ्यापासून दूर कर. येशूला तो प्याला नको होता. सातव्या शतकात काही जण म्हणू लागले की ख्रिस्ताला एकच इच्छा होती, दैवी. मॅक्सिमस नावाच्या वृद्ध संन्याशाने ते मानलं नाही. त्याचा उजवा हात आणि जीभ कापली, ६६२मध्ये तो हद्दपारीत मेला. पुढे ६८०–६८१च्या कॉन्स्टँटिनोपलच्या महासभेने त्याचीच बाजू खरी ठरवली, की ख्रिस्ताला दोन इच्छा आहेत, दैवी आणि मानवी. मानवी इच्छा दैवी इच्छेच्या मागून चालली, पण गिळली गेली नाही.

म्हणून ‘देवाची इच्छा’ म्हणताना ‘मला हे नको होतं’ हे आधी मोठ्याने म्हणायची मुभा असलीच पाहिजे. येशूने घेतली ती मुभा वहिनीला का नाही?

---

चाकावरची माती

रोमकरांसच्या नवव्या अध्यायावर अजून कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो. घडलेल्या वस्तूने घडवणाऱ्याला ‘मला असं का केलंस’ म्हणावं काय, हे पौलाचं वाक्य. आमचे आजोबा कुंभारकाम करायचे. लहानपणी मला हे वचन ऐकून राग यायचा, कारण सांगणारे नेहमी असं सांगायचे की माती गप्प असते.

माती गप्प नसते. मळताना एक खडा राहिला तर चाकावर भांड्याची कड तिथेच फाटते. आजोबा तळहाताखाली माती फिरवून खडे काढायचे, राख आणि लीद मिसळायचे, ओल जास्त झाली तर थांबायचे. एखाद्या दिवशी मडक्याची माती म्हणून घेतलेली शेवटी पणत्यांना जायची. फाटलेलं भांडं त्यांनी कधी फेकलं नाही, पुन्हा गोळा करून चाकावर ठेवायचे.

यिर्मयाच्या अठराव्या अध्यायात नेमकं हेच आहे. कुंभाराच्या हातातलं भांडं बिघडतं आणि तो त्याच मातीचं दुसरं करतो. मग देव सांगतो, एखाद्या राष्ट्राचा नाश करीन असं मी म्हटलं आणि ते राष्ट्र वाईटापासून वळलं, तर मीही माझा बेत बदलीन. कुंभार सार्वभौम आहे, पण हाताखालच्या मातीचं ऐकतो.

मिसरच्या राजाचं, फारोचंही असंच. निर्गममध्ये देवाने मिसरावर आणलेल्या सुरुवातीच्या पीडांच्या वेळी कुठे फारोचं मन कठीण झालं, कुठे त्याने स्वतः ते कठीण केलं, असं येतं. पीडा येऊन गेल्यावर परमेश्वराने त्याचं मन कठीण केलं, हे पहिल्यांदा येतं ते सहाव्या पीडेनंतर, फोडांच्या. देव तसं करील हे मोशेला आधीच सांगितलेलं आहे, म्हणून सोपं उत्तर मी देत नाही. पण आवा पेटण्याआधी बराच वेळ माती ओली होती, हे विसरू नये.

---

साधा वेस्ली

मेथडिस्ट आहे. आमच्या पंथाचे संस्थापक वेस्ली आणि प्रवचनकार व्हाइटफील्ड जिवलग मित्र होते आणि याच विषयावर त्यांचं फाटलं. वेस्लीने १७३९मध्ये पूर्वनियोजनाविरुद्ध प्रवचन केलं, कृपा सर्वांसाठी मोकळी आहे म्हणून. व्हाइटफील्डने जाहीर पत्राने उत्तर दिलं. तरी १७७०मध्ये व्हाइटफील्ड गेले तेव्हा लंडनमध्ये त्यांच्या स्मरणार्थ प्रवचन केलं ते वेस्लींनीच. आपल्याकडे नागपूरला २९ नोव्हेंबर १९७० रोजी उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली, त्यातही दोन्ही परंपरांचे लोक एकत्र आले. एकाच बाकावर बसतात.

रानजाई, एकच शंका विचारतो, राग मानू नका. फिर्याद चालवणं आणि क्षमा करणं दोन्ही जमतं का?

---

रानजाई

राग नाही. वहिनीला मी हेच विचारलं होतं. ती म्हणाली, “क्षमा मी माझ्याकडची करीन. रस्ता काही माझा एकटीचा नाही.” पुढच्या हंगामात त्याच वळणावरून तिचा मुलगा सायकलने शाळेत जाणार आहे.

आता शेवटचं एक, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. इथले प्रतिसाद वाचून काल मी त्या वयस्कर गृहस्थांकडे गेले, चिमण्यांचं वचन वाचणाऱ्या. मनात राग घेऊनच गेले होते. योसेफाचं सगळं त्यांना सांगितलं, की हे वाक्य ज्याचं त्याने म्हणायचं असतं, दुसऱ्याच्या दुःखावर बाहेरून लावायचं नसतं. त्यांनी ऐकून घेतलं. मग आत जाऊन जुनं पवित्र शास्त्र आणलं. मत्तयाच्या दहाव्या अध्यायाशी एका मुलीचा छोटा काळापांढरा फोटो होता. त्यांची मोठी मुलगी, नऊ वर्षांची असताना तापाने गेलेली. “तेव्हा मला एवढ्या एका वचनाने धरून ठेवलं,” म्हणाले. “मला वाटलं, तुमच्या आईलाही धरेल. माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.”

मग आम्ही ते वचन पुन्हा नीट वाचलं. “तुमच्या पित्याच्या इच्छेवाचून”, एवढंच. आमच्या प्रतीत ‘इच्छे’ हा शब्द आहे, पण पंचगंगाकाठ यांना मी रात्री विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की मूळ ग्रीकमध्ये ‘इच्छा’ हा शब्दच नाही, नुसतं ‘तुमच्या पित्यावाचून’ असं आहे. चिमणी पडते तेव्हा पिता तिथे असतो. तो पाडतो की सोबत असतो, यावर अजून भांडता येईल, आणि तुम्ही सगळे भांडालच. मला सध्या एवढं पुरतंय की त्या वळणावर माझा भाऊ एकटा नव्हता.

आज सकाळी जाऊन त्यांना हे सांगितलं. बराच वेळ फोटोकडे बघत बसले.

येत्या सोमवारी तारीख आहे. वहिनीची साक्ष आहे. ते गृहस्थ म्हणाले, मी येतो, कोर्टाबाहेर बसेन. सकाळी सातची एस्टी आहे.